विमानतळ टाइप करून बांधणारी माणसं

नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यात उडायला मिळायची ती अमेरिकेतली चार ठिकाणं: शिकागो, सिॲटल, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क-बॉस्टनचा पट्टा. विमान सेसना १८२. सुरुवात शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या मिग्ज फील्ड या छोट्या विमानतळावरून. डोंगर म्हणजे त्रिकोण, इमारती म्हणजे रेषांचे खोके, आणि आखून दिलेल्या भागाबाहेर गेलं की नुसती सपाट, रिकामी जमीन.

त्या रिकाम्या जमिनीवर काय उभं करायचं, हे पुढची वीसेक वर्षं बऱ्याच अंशी खेळणाऱ्यांनीच ठरवलं. मूळ खेळात नसलेलं विमान, विमानतळ, डोंगररांग किंवा कॉकपिट बाहेरून आणून बसवायचं, याला ॲड-ऑन म्हणतात. काही विकत मिळायची, बहुतेक फुकट. आज पन्नाशीच्या आसपास असलेले हौशी लोक एकत्र जमले की मूळ खेळापेक्षा या ॲड-ऑनबद्दलच जास्त बोलतात. त्याचं कारण आहे. एखादं ॲड-ऑन बसवायचं तर सिम्युलेटर आतून कसा चालतो हे थोडं तरी कळावंच लागायचं, आणि एकदा कळलं की स्वतः काहीतरी बनवायची इच्छा आवरायची नाही. या आठवणींमध्ये एवढा जीव का आहे ते समजून घ्यायचं, तर खेळाच्या पोटात शिरायला हवं. ते वाटतं तितकं अवघड नाही.

सुरुवात ब्रूस आर्टविकपासून करू. इलिनॉय विद्यापीठात शिकताना १९७५ मध्ये त्याने प्रबंधच लिहिला तो संगणकावर विमानातून दिसणारं दृश्य कसं उभं करता येईल यावर. पुढे त्याच्या सबलॉजिक या कंपनीने ॲपल २ साठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला, आणि मायक्रोसॉफ्टची आवृत्ती त्याच्याच कामावर उभी राहिली. ॲपल, कमोडोर आणि अटारीच्या संगणकांसाठी सबलॉजिक स्वतःची आवृत्ती विकत राहिली, आणि तिच्याबरोबर एक वेगळीच गोष्ट विकू लागली: सीनरी डिस्क. ॲपल २ च्या एका फ्लॉपीवर जेमतेम १४० किलोबाइट मावायचे. त्यात अख्खा देश बसणं शक्य नव्हतं. म्हणून अमेरिकेचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र डिस्क काढली. सातव्या क्रमांकाच्या डिस्कवर वॉशिंग्टनपासून मायामीपर्यंतचा पूर्व किनारा होता. नंतर जपान आला, पश्चिम युरोप आला. लांबच्या प्रवासात एका डिस्कची हद्द संपली की ड्राइव्हमधली डिस्क बदलायची आणि पुढे उडायचं.

आता प्रश्न असा, की एवढ्याशा जागेत शहर मावायचं कसं? कारण डिस्कवर शहराचं चित्र नसायचंच. असायची ती चित्र काढण्याची कृती. ठिपक्यांची रांगोळी जशी कागदावर ‘एवढे ठिपके, मग हा ठिपका त्याला जोडा’ अशी लिहून देता येते, तशीच ही पद्धत. अमुक ठिकाणी बिंदू घे, त्याच्या उत्तरेला दुसरा घे, दोन्ही जोड, आतला भाग हिरवा भर. संगणक ही कृती सेकंदात कित्येक वेळा, विमान असेल त्या कोनातून, नव्याने काढायचा. बिंदूंच्या जागा सांगायला त्या काळी अक्षांश-रेखांशही नव्हते. खेळाची स्वतःची चौकट होती: मिग्ज फील्ड उत्तरेला १७१८९, पूर्वेला १६६७१. हे आकडे टाकले की विमान थेट तिथे जाऊन उभं राहायचं. त्या काळात खेळलेल्या कित्येकांना हे दोन आकडे अजून पाठ आहेत.

१९८९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खेळाची चौथी आवृत्ती आली आणि १९९० मध्ये तिच्यासाठी ‘एअरक्राफ्ट अँड सीनरी डिझायनर’ नावाचं पॅकेज निघालं. विमानाचा आकार, इंजिनाची ताकद, जमिनीवरचे रस्ते आणि इमारती, सगळं आपल्या हाताने बदलण्याची अधिकृत सोय पहिल्यांदा मिळाली. मोडेमने जोडायच्या कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांवरून लोक एकमेकांना विमानं पाठवू लागले.

खरी उलथापालथ झाली १९९३ च्या पाचव्या आवृत्तीने. जमिनीवर फोटोंसारखी दिसणारी चित्रं पसरली, आणि जुनी चौकट जाऊन अख्ख्या पृथ्वीचे अक्षांश-रेखांश आले. याचा अर्थ असा, की जगातल्या कुठल्याही गावाला आता खेळात ठरलेली जागा होती, मग कंपनीने तिथे काही बांधलेलं असो वा नसो. जर्मनीतल्या किंवा न्यूझीलंडमधल्या माणसाला आपल्या गावची धावपट्टी बरोबर जागी टाकता येणार होती. अडचण एकच: ती टाकायची कशी, हे कंपनीने सांगितलेलं नव्हतं. दृश्यं बीजीएल नावाच्या फाइलींमध्ये बंद होती, आणि आत नुसते आकडे.

मग जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत थोर काम वाटतं. हौशी लोकांनी त्या फाइलींमधले आकडे एकेक करून बदलून पाहिले. हा आकडा बदलला तर काय हलतं? तो बदलला तर कुठला रंग पालटतो? असं करत करत त्यांनी ती भाषा उलगडली, आणि जर्मनीतल्या एका हौशी प्रोग्रामरने स्कॅझम नावाचा असेंब्लर, म्हणजे लिहिलेल्या सूचनांची बीजीएल फाइल करून देणारा प्रोग्राम, लिहून सगळ्यांना दिला. आता साध्या मजकुराच्या फाइलीत विमानतळ लिहिता येऊ लागला. आधी अक्षांश-रेखांश देऊन एक मूळ बिंदू ठरवायचा. मग त्यापासून किती मीटर पूर्वेला, किती वर, किती उत्तरेला, असे कोपरे एकेका ओळीत लिहायचे. मग कुठले चार कोपरे जोडून भिंत होते ते सांगायचं. भिंतीचे कोपरे उलट्या क्रमाने दिले तर ती बाहेरून दिसायचीच नाही, फक्त आतून दिसायची! कंट्रोल टॉवरच्या काचा रात्री उजळायला हव्या असतील तर ‘२८सी’ नावाचं मूल्य तपासायचं: दिवसा ते १ असतं, संधिप्रकाशात २, रात्री ४. ते ४ असेल तरच पिवळी काच काढ, अशी ओळ लिहायची. माऊसने ओढून इमारत ठेवण्याची साधनं नंतर आली. आधीच्या लोकांनी टर्मिनल, हँगर, पाण्याच्या टाक्या अक्षरशः टाइप करून बांधल्या. मोजमापं कुठून आणायची? वैमानिकांसाठी छापलेल्या नकाशांवरून, आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून काढलेल्या फोटोंवरून.

१९९७ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर ९८ आला आणि विमानांची रचना एका सुटसुटीत फोल्डरमध्ये आली. भारतात अनेकांची ओळख इथूनच झाली, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. एका विमानाच्या फोल्डरमध्ये पाच गोष्टी असायच्या. ‘मॉडेल’ म्हणजे विमानाचा आकार. ‘टेक्स्चर’ म्हणजे त्या आकारावर चढवायचे रंग. ‘पॅनेल’ म्हणजे कॉकपिटमधल्या डायल. ‘साउंड’ म्हणजे आवाज. आणि एक ‘एअर’ फाइल, जिच्यात विमान उडतं कसं हे लिहिलेलं: वजन, पंखांचं क्षेत्रफळ, कुठल्या कोनात किती उचल, इंजिनाचा किती रेटा. या पाचांना बांधणारी सहावी गोष्ट म्हणजे ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’ ही नोटपॅडमध्ये उघडणारी साधी फाइल. तिच्यात ‘एफएलटीसिम.०’ असा मथळा, खाली विमानाचं नाव आणि कुठलं मॉडेल, कुठलं टेक्स्चर वापरायचं ते. त्याच विमानाला दुसऱ्या कंपनीचे रंग द्यायचे तर रंगांचा नवा फोल्डर ठेवायचा, मथळ्याखालच्या ओळी पुन्हा चिकटवायच्या आणि शून्याचा एक करायचा. तिसऱ्याला दोन. मध्ये एखादा आकडा गळला, की त्याच्या पुढची सगळी विमानं यादीतून गायब! नोटपॅडमधला एक आकडा चुकल्यामुळे रात्र घालवलेली माणसं जगभर आहेत.

पाच गोष्टी सुट्या असण्याचा मोठा फायदा असा, की त्या पाच वेगळ्या माणसांनी बनवायला हरकत नव्हती. एकाने आकार बनवायचा, दुसऱ्याने रंगवायचा, तिसऱ्याने खऱ्या विमानाच्या माहितीवरून एअर फाइल दुरुस्त करायची. ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही पण चित्रकलेची आवड आहे, त्यालाही यात काम होतं. यातली सर्वांत सोपी दिसणारी आणि सर्वांत चिवट कला म्हणजे रंगकाम.

एअर इंडियाचं ७४७ घ्या. प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका, महालाच्या सज्जासारखा. आता त्या काळचं टेक्स्चर म्हणजे २५६ बाय २५६ ठिपक्यांचं चित्र, आणि त्यात रंगही २५६ च. ७४७-४०० ची लांबी ७० मीटरच्या थोडी वर. ती सगळी एका चित्रात बसवली तर एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण २७-२८ सेंटिमीटर येतात. प्रवाशांची खिडकी साधारण तेवढीच रुंद असते. म्हणजे एका खिडकीला एकच ठिपका. त्यातच काच, त्यातच लाल कमान आणि तिचं टोक, हे जमायचं कसं? रंगवणारे मग विमानाचं शरीर चार-पाच चित्रांत तोडायचे, एकेका खिडकीला मोजून ठिपके द्यायचे, आणि काच व कमान यांच्यामध्ये फिकट गुलाबी ठिपका टाकून डोळ्याला गोलाईचा भास करून द्यायचे. जोड जिथे येतो तिथे खिडकी अर्धी कापली जाऊ नये याची वेगळी काळजी. पुढे १०२४ ठिपक्यांची चित्रं चालू लागली आणि झरोके नीट काढता आले. तरी मला ती पहिली, ठिपका-ठिपका जोडलेली विमानं जास्त आवडतात, कारण त्यांत रंगवणाऱ्याने काय विचार केला ते दिसतं.

कॉकपिटची गोष्ट वेगळी. पॅनेलचा पाठचा फोटो म्हणजे साधं चित्र, पण त्यावरची प्रत्येक डायल ही ‘गेज’ फाइल, आणि गेज म्हणजे सी भाषेत लिहिलेला लहानसा पूर्ण प्रोग्राम. तो सिम्युलेटरला विचारतो ‘आत्ता वेग किती?’ आणि उत्तराप्रमाणे काटा फिरवतो. आता गेज जर प्रोग्राम असेल, तर त्याने नुसता काटाच का फिरवावा? त्याने विमानाची वीज, हायड्रॉलिक, इंधनाच्या टाक्या, उड्डाणाचा मार्ग आखणारा संगणक, सगळ्याची नक्कल करावी. २००० च्या आसपास ‘७६७ पायलट इन कमांड’ या ॲड-ऑनने नेमकं हेच केलं, आणि पुढे पीएमडीजी या कंपनीच्या ७३७ ने ते आणखी खोलवर नेलं. तोपर्यंत बहुतेक बोइंग बटन दाबलं की उडायची. यांत आधी बॅटरी, मग सहायक इंजिन, मग पंप, मग मुख्य इंजिनं, असा क्रम पाळावा लागायचा. लोकांनी शेकडो पानांच्या पुस्तिका छापून स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवल्या. विमानाच्या यंत्रणा एकमेकींवर कशा अवलंबून असतात, हे इतक्या सामान्य माणसांना इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या खेळाने शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडच्या माणसाला सर्वांत जवळचं वाटेल ते ॲड-ऑन म्हणजे मेश, म्हणजे जमिनीच्या उंचीचं जाळं. सिम्युलेटर जमिनीवर समान अंतरावर बिंदू धरतो, प्रत्येकाची उंची वाचतो आणि मधली जागा उताराने जोडतो. ‘२००२’ आणि ‘२००४’ या नावांच्या आवृत्त्यांत भारतासाठी हे अंतर साधारण १.२ किलोमीटर होतं. आता जुहूहून उडून पुण्याकडे निघा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जमीन दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात पाचशे मीटर उठते. एवढ्या अंतरात जाळ्याचे दोन किंवा तीन बिंदू पडणार. त्यांना उताराने जोडलं की बोरघाटाचा कडा नाहीसा होतो आणि उरते ती एक मऊ टेकाडं असलेली चढण. माथेरानचा माथा तर इतका अरुंद, की रुंदीत त्याला एखाद-दुसराच बिंदू मिळायचा. सपाट पठार आणि खाली सरळ तुटलेले कडे, याऐवजी एक गोलसर फुगवटा. सह्याद्री ओळखता यायचा नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीची मोजणी केली. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतच्या जमिनीची उंची, दर नव्वद मीटरला एक आकडा, या हिशेबाने पुढे सर्वांसाठी खुली झाली. हौशींनी ती उतरवून घेतली, खोल दऱ्यांत रडार न पोचल्याने आकड्यांत पडलेली भोकं बुजवली आणि सिम्युलेटरला कळेल अशा बीजीएलमध्ये बदलली. ७६ मीटरचं जाळं टाकलं की तोच जुहू-पुणे प्रवास पार बदलायचा. पनवेल मागे पडलं की समोर भिंत. माथेरानची कड, घाटाच्या दऱ्या, पलीकडे मावळातली सपाटी. उंची वेळेत घेतली नाही तर डोंगर अंगावर. विमानात काहीही न बदलता, फक्त जमीन खरी केल्याने उडणं खरं झालं.

हे सगळं घरी आणणं हेही कामच होतं. ५६के मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळायचे, म्हणजे १० मेगाबाइटचं एक विमान उतरायला पाऊण तासाच्या आसपास, तेही मध्ये कुणाचा फोन आला नाही तर. बऱ्याच जणांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून झिप उतरवल्या, १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींवर तुकडे करून नेल्या, आणि सातव्या फ्लॉपीवर वाचनाची चूक आली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी त्यासाठी जपून ठेवल्या जायच्या.

प्रत्येक झिपमध्ये रीडमी नावाची माहितीची एक फाइल असायची. ती वाचायची सवय लागली की माणसं ओळखीची व्हायची. विमान कोणी बनवलं, रंग कोणाचे, एअर फाइल कोणाची, कोणाच्या परवानगीने काय वापरलं, आणि शेवटी ठरलेली अट: फुकट वाटा, विकू नका, ही फाइल काढून टाकू नका. सोबत अनेकदा ‘फाइल_आयडी.डीआयझी’ नावाची चिमुकली फाइल. मोडेमने जोडायच्या जुन्या बुलेटिन बोर्डांसाठी ठरवलेला हा नमुना: जास्तीत जास्त दहा ओळी, एका ओळीत पंचेचाळीस अक्षरं, तेवढ्यात आतल्या मालाची ओळख करून द्यायची. कसलाही करार नाही, न्यायालय नाही, तरी श्रेय देण्याची ही शिस्त जगभरच्या अनोळखी लोकांनी वर्षानुवर्षं पाळली. मोडणारे होते, पण त्यांना लगेच जाब विचारला जायचा.

या साठ्याला धक्केही बसले. मे २००९ मध्ये एव्हसिम या ॲड-ऑनच्या मोठ्या ऑनलाइन संग्रहावर हल्ला झाला आणि त्याचे दोन्ही सर्व्हर एकाच वेळी उद्ध्वस्त झाले. एकाची प्रत दुसऱ्यावर ठेवलेली होती, त्यामुळे सुरक्षित प्रतही त्यांच्याबरोबरच गेली. साइट पुढे पुन्हा उभी राहिली, पण आपल्या डिस्कवर जे आहे तेच आपलं, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

ॲड-ऑनने जपलेल्या जागांमध्ये दोन नावं पहिली येतात. हाँगकाँगचा काई टाक ६ जुलै १९९८ ला बंद झाला. १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना रेडिओचा संकेत विमानाला धावपट्टीकडे न नेता एका टेकडीकडे न्यायचा. टेकडीवर लाल-पांढरा चौकटींचा पट्टा रंगवलेला. तो दिसला की हाताने ४७ अंश उजवीकडे वळायचं आणि इमारतींच्या गच्च्यांवरून उतरायचं. हा विमानतळ सिम्युलेटरमध्ये बांधायचा तर धावपट्टी पुरत नाही. तो वाकडा संकेत, ती टेकडी, ती वस्ती, सगळं हवं. लोकांनी ते केलं, प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी नव्याने केलं. आणि दुसरं नाव मिग्ज फील्डचं. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या हुकमाने बुलडोझर गेले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये, म्हणजे एफएसएक्समध्ये, मिग्ज नव्हता. हौशींनी तो तयार करून दिला.

आता तुमच्याकडे जुन्या सीडीवर असं काही पडलं असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या गेज फाइली ३२ बिटच्या आहेत. एफएसएक्सही ३२ बिटचाच, म्हणून २००४ साठीची बरीच विमानं त्यात अजून चालतात. २०१७ मध्ये प्रीपार३डी हा एफएसएक्सवरूनच बनलेला सिम्युलेटर ६४ बिटचा झाला आणि तिथे या गेज बंद पडल्या. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्येही त्या चालत नाहीत. फोल्डरची रचना मात्र ओळखीची निघेल: तिथेही एअरक्राफ्ट.सीएफजी आहे आणि तिच्यात ‘एफएलटीसिम.०’ हाच मथळा आहे. सीडीची प्रत काढाल तेव्हा झिप उघडून नुसतं विमान काढून घेऊ नका. अख्खी झिप ठेवा, रीडमीसकट. ते विमान कोणी, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणाच्या मदतीने बनवलं, हे बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.